यूट्यूबचे आकडे एआय एजंटला कसे जोडतात? कमांड लाइनची पद्धत, परवानग्या आणि आकडे वाचतानाच्या चुका

यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्या बहुतेकांची सकाळ यूट्यूब स्टुडिओ उघडून सुरू होते. कालचे व्ह्यूज किती, सबस्क्रायबर किती वाढले, नवा व्हिडिओ जुन्यापेक्षा बरा चालतोय का, एवढे पाहायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. आकडे समोर असतात, पण ते नीट लावून बघायला वेळ नसतो. ‘गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये लोक नेमके कुठे निघून जातात?’ या एका प्रश्नासाठी एकेक व्हिडिओ उघडून त्याचा आलेख पाहावा लागतो. वीस व्हिडिओ असतील तर अख्खी दुपार जाते.

हे काम आता एआय एजंटला सांगता येते. प्रश्न साध्या मराठीत लिहायचा. एजंट यूट्यूबकडून आकडे मागवतो, त्यांची मांडणी करतो आणि उत्तर देतो. त्यासाठी तो यूट्यूबच्या आकडेवारीच्या सेवेला एकदा जोडून द्यावा लागतो. ही जोडणी वाटते तितकी अवघड नाही. पण त्यात दोन गोष्टी चुकल्या तर महागात पडतात. पहिली, एजंटला गरजेपेक्षा जास्त परवानगी देणे. दुसरी, आकडे बरोबर असूनही त्यांचा चुकीचा अर्थ लावणे.

थोडक्यात

• आकडे पाहण्यासाठी फक्त ‘वाचण्याची’ परवानगी पुरते. व्हिडिओ बदलण्याची किंवा पुसण्याची परवानगी देण्याचे कारण नाही.
• परवानगीचे टोकन पासवर्डइतकेच जपायचे असते. ते चॅटमध्ये चिकटवायचे नाही आणि कुणाला पाठवायचे नाही.
• यूट्यूबचा ‘दिवस’ भारतात दुपारी सुरू होतो आणि शेवटच्या एक-दोन दिवसांचे आकडे अनेकदा आलेले नसतात. हे एजंटला आधी सांगावे लागते.

एआय एजंट म्हणजे काय आणि कमांड लाइन कशासाठी?

चॅटबॉट विचारलेल्याचे उत्तर देतो. एजंट त्याच्या पुढे जातो. तो फाइल उघडतो, छोटा प्रोग्रॅम लिहितो, तो चालवतो, आलेला निकाल वाचतो आणि गरज पडली तर पुन्हा प्रयत्न करतो. क्लॉड कोड, ओपनएआयचा कोडेक्स सीएलआय आणि गूगलचा जेमिनाय सीएलआय हे तिन्ही २०२५ मध्ये आलेले अशा प्रकारचे एजंट. ते कमांड लाइनवर चालतात.

कमांड लाइन म्हणजे संगणकातली ती काळी खिडकी, जिथे बटणे दाबायची नसतात, आदेश टाइप करायचे असतात. मॅक आणि लिनक्सवर तिला टर्मिनल म्हणतात, विंडोजवर पॉवरशेल किंवा कमांड प्रॉम्प्ट. एजंटसाठी ही जागा सोयीची असते, कारण इथले सगळे काम मजकुरात होते. आदेश मजकुरात जातो, उत्तर मजकुरात येते. चॅनेलवाल्याच्या दृष्टीनेही एक फायदा आहे. एजंट कोणता आदेश चालवणार आहे तो आधी पडद्यावर दिसतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये महत्त्वाच्या आदेशाआधी तो ‘चालवू का?’ असे विचारतो.

यूट्यूबकडून आकडे मिळतात कुठून?

एखाद्या प्रोग्रॅमने दुसऱ्या सेवेकडे माहिती मागण्याची जी ठरलेली पद्धत असते, तिला एपीआय म्हणतात. यूट्यूबची अशी दोन दारे या कामाला लागतात.

पहिले दार डेटा एपीआयचे. इथून व्हिडिओचे शीर्षक, वर्णन, प्रकाशनाची तारीख, एकूण व्ह्यूज, प्रतिक्रिया अशी माहिती मिळते. यातली बरीचशी माहिती कुणालाही दिसते. या दाराला रोजचा कोटा असतो. नव्या प्रोजेक्टला साधारणपणे दिवसाला १०,००० एकके मिळतात. एखाद्या व्हिडिओची माहिती मागायला १ एकक लागते, तर शोध घ्यायला त्याच्या कितीतरी पट. म्हणून एजंटने आपल्याच चॅनेलचे व्हिडिओ ‘शोधत’ बसू नये. चॅनेलची अपलोडची यादी थेट मागवावी; ती स्वस्तात मिळते.

दुसरे दार ॲनॅलिटिक्स एपीआयचे. आतली गोष्ट इथे असते. लोकांनी किती मिनिटे पाहिले, सरासरी किती टक्के व्हिडिओ पाहिला, प्रेक्षक सर्चमधून आले की सुचवलेल्या व्हिडिओंतून, कोणत्या व्हिडिओने सबस्क्रायबर मिळवून दिले. ही माहिती फक्त चॅनेलच्या मालकाची असते. त्यामुळे साध्या एपीआय कीने हे दार उघडत नाही. मालकाने स्वतः गूगल खात्यात लॉगिन करून ‘हो’ म्हणावे लागते. या पद्धतीला ओऑथ म्हणतात.

ओऑथमध्ये पासवर्ड एजंटच्या हाती जातच नाही. लॉगिन गूगलच्याच पानावर होते. मालकाने संमती दिली की गूगल प्रोग्रॅमला एक टोकन देते. लग्नघरात वाढप्याला कोठीघराची चावी देतात, तिजोरीची देत नाहीत, टोकनचेही तसेच. कोणत्या खोलीची चावी द्यायची, हे मालक ठरवतो.

कोणती परवानगी द्यायची?

प्रत्येक टोकनला एक मर्यादा असते. तिला स्कोप म्हणतात. यूट्यूबचे नेहमी भेटणारे स्कोप असे:

• वायटी-ॲनॅलिटिक्स डॉट रीडओन्ली: चॅनेलची आकडेवारी फक्त पाहता येते. या लेखातल्या कामासाठी हा मुख्य स्कोप.
• यूट्यूब डॉट रीडओन्ली: व्हिडिओंची यादी, शीर्षके वगैरे पाहता येतात. वरच्याच्या जोडीला हाही लागतो.
• वायटी-ॲनॅलिटिक्स-मॉनेटरी डॉट रीडओन्ली: कमाईचे आकडेही दिसतात. कमाईचा प्रश्न विचारायचा नसेल तर देऊ नये.
• यूट्यूब डॉट अपलोड: चॅनेलवर व्हिडिओ चढवता येतात. आकड्यांसाठी याची गरज नाही.
• यूट्यूब डॉट फोर्स-एसएसएल: नाव सुरक्षिततेचे वाटते, पण हा सगळ्यात जपून वापरण्याचा स्कोप. याने व्हिडिओ, प्रतिक्रिया आणि कॅप्शन बदलता येतात आणि कायमचे पुसताही येतात.

शेवटच्या स्कोपवर अनेकजण फसतात. एखाद्या तयार प्रोग्रॅममध्ये हा स्कोप आधीच लिहिलेला असतो, संमतीच्या पानावर ‘कायमचे हटवणे’ असा उल्लेखही असतो, पण घाईत ते पान वाचले जात नाही. एजंट मुद्दाम काही पुसणार नाही, हे खरे. पण ‘जुने, न चाललेले व्हिडिओ आवर’ अशा मोघम सूचनेचा अर्थ तो कसा लावेल, हे सांगता येत नाही. वाचण्यापुरतेच टोकन असेल तर एजंटचा गैरसमज झाला तरी यूट्यूब त्याला अडवते. एजंटला ‘काही बदलू नकोस’ असे बजावण्यापेक्षा हा बंदोबस्त पक्का.

टोकन किती जपावे, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. मार्च २०२३ मध्ये कॅनडातले ‘लायनस टेक टिप्स’ हे दीड कोटीच्या आसपास सबस्क्रायबर असलेले चॅनेल चोरांच्या ताब्यात गेले. कर्मचाऱ्याने प्रायोजकाची म्हणून आलेली एक बनावट फाइल उघडली आणि त्यातल्या घातक प्रोग्रॅमने ब्राउझरमधले लॉगिनचे टोकन पळवले. पासवर्ड बदलून किंवा ओटीपी मागून चोर थांबले नाहीत, कारण टोकन हातात असलेल्याला यूट्यूब लॉगिन झालेलाच मानत होते. ते टोकन ब्राउझरचे होते, एपीआयचे नव्हते. पण टोकन ज्याच्या हाती, त्याला पासवर्ड लागत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

जोडणी पायरीपायरीने

१. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये चॅनेलवाल्याच्या खात्याने लॉगिन करून नवा प्रोजेक्ट उघडायचा. त्यात यूट्यूब ॲनॅलिटिक्स एपीआय आणि यूट्यूब डेटा एपीआय हे दोन्ही सुरू करायचे. यासाठी पैसे लागत नाहीत.

२. संमतीचे पान तयार करायचे. ॲपचे नाव, ईमेल अशी जुजबी माहिती भरायची. ॲप ‘चाचणी’ अवस्थेत ठेवायचे आणि चाचणी वापरकर्त्यांच्या यादीत स्वतःचा ईमेल घालायचा. हे राहिले तर पुढे ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश येतो आणि चूक कुठे झाली ते लवकर कळत नाही.

३. ओऑथ क्लायंट बनवायचा. प्रकार विचारला की ‘डेस्कटॉप ॲप’ निवडायचे. मग जेसॉन प्रकारची एक फाइल उतरवून घेता येते. ही त्या ॲपची ओळख. ‘सर्व्हिस अकाउंट’ या पर्यायाच्या नादी लागू नये. यूट्यूब चॅनेलच्या आकड्यांसाठी तो चालत नाही.

४. ही फाइल संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. एजंट ज्या फोल्डरमध्ये काम करणार, तिथे ठेवायची नाही. कोड गिटहबवर चढवणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळायचे. चुकून सार्वजनिक झालेल्या चाव्या शोधणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात.

५. टर्मिनलमध्ये एजंट सुरू करून त्याला पहिले काम सांगायचे: गूगलची अधिकृत पायथन लायब्ररी वापरून एक छोटा प्रोग्रॅम लिही; स्कोप फक्त ॲनॅलिटिक्स आणि यूट्यूब वाचण्याचे; ओळखीची फाइल अमुक ठिकाणी आहे, ती प्रोग्रॅमने उघडावी, तू वाचू नकोस किंवा छापू नकोस. प्रोग्रॅम लिहून झाला की स्कोपच्या ओळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या. कोड कळत नसला तरी ‘रीडओन्ली’ हा शब्द शोधता येतो.

६. प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला की ब्राउझर उघडतो. खाते निवडायचे. चॅनेल ब्रँड अकाउंटवर असेल तर इथे नेमके ते चॅनेल निवडायचे. नुसते वैयक्तिक खाते निवडले तर आकडे रिकामे येतात. ॲपची गूगलने तपासणी केलेली नाही, असा इशारा दिसतो. ॲप स्वतःच बनवलेले असल्याने पुढे जायला हरकत नाही. दुसऱ्याने पाठवलेल्या ॲपवर हाच इशारा आला तर मात्र थांबलेले बरे.

७. संमती दिली की टोकन संगणकावर एका फाइलमध्ये साठते. साधे टोकन साधारण तासाभराने संपते. त्याच्या जोडीचे ‘रिफ्रेश टोकन’ नवे मिळवत राहते. पण ॲप चाचणी अवस्थेत असेल तर रिफ्रेश टोकनही ७ दिवसांनी बाद होते. दर आठवड्याला पुन्हा लॉगिन मागितले जाते ते त्यामुळेच. त्यात बिघाड काही नसतो.

८. पहिला प्रश्न सोपा आणि उत्तर आधीच माहीत असलेला विचारायचा: मागच्या महिन्यात एकूण व्ह्यूज किती? तोच आकडा स्टुडिओत पाहून ताडायचा. जुळला तर पुढे जायचे.

एमसीपी हे काय प्रकरण आहे?

एजंटला बाहेरच्या सेवा जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी ही खुली पद्धत जाहीर केली. पुढे इतर कंपन्यांनीही ती स्वीकारली. तिच्यात सेवा आणि एजंट यांच्यामध्ये एक ‘सर्व्हर’ बसतो आणि एजंटला हाताशी तयार हत्यारे मिळतात: व्ह्यूज दाखव, प्रेक्षक टिकण्याचा आलेख दे, वगैरे. कमांड लाइनवर एका आदेशाने किंवा सेटिंगच्या फाइलमध्ये दोन-चार ओळी लिहून तो जोडता येतो.

सोय मोठी आहे, पण यूट्यूबसाठी नेटवर मिळणारे बरेच एमसीपी सर्व्हर कुणीतरी हौसेने लिहिलेले असतात. चॅनेलचे टोकन त्या अनोळखी कोडच्या हाती जाते. एकाच चॅनेलचे आकडे पाहायचे असतील तर वर सांगितलेला स्वतःचा छोटा प्रोग्रॅम पुरतो. अनेक चॅनेल किंवा अनेक माणसे असतील तेव्हा एमसीपीचा विचार करावा, तोही सर्व्हर कोणते स्कोप मागतो ते पाहून.

आकडे बरोबर, उत्तर चूक: चार ठिकाणी जपायचे

जोडणी झाल्यावर खरा गोंधळ इथे होतो. एजंट आत्मविश्वासाने बोलतो, आकडेही खरे असतात, तरी निष्कर्ष चुकतो.

पहिली जागा: दिवस कधी सुरू होतो? ॲनॅलिटिक्स एपीआयमधली तारीख अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार रात्री बाराला बदलते. म्हणजे भारतात उन्हाळ्यात दुपारी १२:३० ला आणि हिवाळ्यात १:३० ला. समजा, पुरणपोळीचा व्हिडिओ पाडव्याला सकाळी सहाला टाकला. त्याचे पहिले साडेसहा तास यूट्यूबच्या हिशेबात आदल्या दिवशी जमा होतात. सणाच्या सकाळी मिळालेले व्ह्यूज ‘आदल्या दिवशी’ दिसतात आणि एजंट सांगतो, की सणाच्या दिवशी प्रतिसाद कमी झाला. मराठी चॅनेलांचा मोठा प्रेक्षक सणवाराला येतो, त्यामुळे ही चूक नेमकी मोक्याच्या दिवशी होते.

दुसरी जागा: शेवटचे दिवस गायब. मागितलेल्या तारखेपर्यंतचे सगळे आकडे तयार नसतील, तर एपीआय जिथपर्यंत तयार आहेत तिथपर्यंतचेच देते. चूक झाल्याचा संदेश येत नाही. या आठवड्याचे सात दिवस मागितले आणि पाचच आले, तर मागच्या आठवड्याच्या सात दिवसांपुढे ते कमीच दिसणार. एजंट लगेच ‘व्ह्यूज घटले’ म्हणून कारणे शोधू लागतो, नवा थंबनेल सुचवतो. घसरण मात्र झालेलीच नसते. उपाय सोपा आहे: आलेले दिवस मोजायला सांगायचे आणि आठवडा संपल्यावर तीन-चार दिवसांनीच तुलना करायची.

तिसरी जागा: शॉर्ट्सची मोजणी बदलली. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट चालू झाला किंवा पुन्हा चालला की तो व्ह्यू धरला जातो. किमान किती वेळ पाहिला याची अट राहिली नाही. जुन्या पद्धतीची मोजणी आता ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने वेगळी दिसते. त्यामुळे २०२४ आणि २०२६ चे शॉर्ट्सचे व्ह्यूज शेजारी ठेवले, तर झालेली वाढ कितपत खरी आणि कितपत मोजणीची, हे कळत नाही. जुनी-नवी तुलना करताना एंगेज्ड व्ह्यूज धरायला सांगावे.

चौथी जागा: प्रेक्षक टिकण्याचा आलेख. हा आलेख एका वेळी एकाच व्हिडिओचा मिळतो आणि त्यात व्हिडिओचे १०० समान तुकडे केलेले असतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओत एक तुकडा ६ सेकंदांचा, तर तासाभराच्या मुलाखतीत ३६ सेकंदांचा. ‘दहाव्या तुकड्यावर लोक जातात’ हे वाक्य म्हणूनच दोन व्हिडिओंत दोन अर्थांचे होते. एजंटला सेकंदांत उत्तर मागावे. एखाद्या जागी आकडा १ च्या वर गेला तर ती चूक नसते, लोकांनी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिलेला असतो. रेसिपीत मसाल्याचे प्रमाण सांगताना असे अनेकदा दिसते. तिथे प्रमाण पडद्यावर लिहून दाखवायला हवे होते, एवढा निष्कर्ष काढता येतो आणि तो उपयोगाचा असतो.

या चारही सूचना एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून एजंटच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात. क्लॉड कोड, कोडेक्स आणि जेमिनाय सीएलआय हे तिघेही ठरलेल्या नावाची अशी फाइल सुरुवातीलाच वाचतात.

प्रतिक्रिया वाचायला द्याव्यात का?

आकड्यांमध्ये कुणी काही लपवू शकत नाही. प्रतिक्रियांमध्ये लपवू शकतो, कारण त्या अनोळखी माणसांनी लिहिलेल्या असतात. ‘आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर’ असे एखाद्याने प्रतिक्रियेत लिहिले, तर एजंट ते वाचताना सूचना समजण्याचा धोका असतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात आणि ओवास्प या सुरक्षा संस्थेने भाषा-मॉडेलांच्या धोक्यांच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला आहे. प्रतिक्रियांचा आढावा हवाच असेल तर तो वेगळ्या बैठकीत घ्यावा, आदेश न विचारता चालवण्याची मुभा बंद ठेवावी आणि टोकन वाचण्यापुरतेच असावे.

जोडणी कशी तोडायची?

गूगल खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावर इतर ॲप आणि सेवांच्या जोडण्यांची यादी असते. तिथून ॲप काढले की टोकन निकामी ठरते. मग संगणकावरची टोकनची फाइल पुसायची आणि क्लाउड कन्सोलमधला क्लायंटही काढायचा. लॅपटॉप विकताना, दुरुस्तीला देताना किंवा संपादन करणारा सहकारी काम सोडून जाताना हे आठवणीने करावे.

नेहमी पडणारे प्रश्न

आकडे एआय कंपनीकडे जातात का?
हो. एजंट उत्तर तयार करताना आकडे त्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. म्हणूनच कमाईचा स्कोप गरज नसताना देऊ नये, आणि डेटा प्रशिक्षणासाठी वापरण्याबाबतची सेटिंग आधी तपासावी.

एजंटला टोकनची फाइल वाचूच दिली नाही तर पुरेसे आहे का?
मदत होते, पण त्यावर विसंबू नये. जो एजंट आदेश चालवू शकतो, तो दुसऱ्या वाटेने फाइलपर्यंत पोहोचू शकतो. खरी मर्यादा स्कोपचीच.

दुसऱ्याच्या चॅनेलची आतली आकडेवारी अशी मिळते का?
नाही. त्या मालकाने संमती दिली तरच मिळते. त्याशिवाय फक्त सगळ्यांना दिसणारे आकडे मिळतात.

एवढे सगळे करायचे नसेल तर?
यूट्यूब स्टुडिओच्या ॲडव्हान्स्ड मोडमधून आकड्यांची सीएसव्ही फाइल उतरवता येते. ती एजंटला दिली की टोकन, स्कोप काहीच लागत नाही. महिन्यातून एकदा आढावा घेणाऱ्याला तेवढे पुरते. दर आठवड्याला तेच प्रश्न विचारायचे असतील किंवा अनेक व्हिडिओंचे आलेख एकत्र पाहायचे असतील, तेव्हा कमांड लाइनची जोडणी करावी.